दर्याराणी टेबल सॉल्ट, नमुना फुकट

१ जानेवारी १९३५, मंगळवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसाने स्वतःच लिहून ठेवलेले बरे, मागाहून लोक काहीही बोलतात. कोणाला वाचायला द्यायची नाही. बायकोला, कृष्णाबाईला, वाचता येत नाही. दादाला येते पण तो वाचत नाही. म्हणजे सेफ.
नव्या वर्षाचे संकल्प. मिठागराच्या चिखलात पाय घालायचा नाही. स्वतःचा बिझनेस काढायचा. दादाशी वाद घालायचा नाही.

दुपार. दादाशी वाद झाला.
विषय मीठ. आजोबांपासून पेणच्या खाडीवर आमचे मिठागर आहे. त्यात खडे मीठ पिकते. जाडे, काळपट, गोणीत भरायचे आणि होडीत टाकायचे. मी मुंबईला भुलेश्वरात दुकानात आठ महिने होतो (मालकाला माझ्या आयडिया झेपल्या नाहीत), तिथे साहेबाचे टेबल सॉल्ट पाहिले. बारीक, पांढरे, डब्यातून भुरभुर पडते. विलायतेहून येते. आम्ही समुद्राच्या मांडीवर बसलेली माणसे आणि साहेबाचे मीठ बोटीने येते. दादाला हे समजावले. तो म्हणाला, मीठ म्हंजे मीठ.
मी त्याला सांगितले की याच महिन्यात अलिबागला जिल्ह्याचे स्वदेशी प्रदर्शन आहे. तिथे स्टॉल टाकतो, मग बघ. दादाने विडी विझवली. म्हणाला, एक मेडल आन, न्हाय त एक ऑर्डर आन. चार वाफे तुज्या बारीक मिठाला सोडतो, त्यान मी बोट घालनार न्हाय. न्हाय आनलंस त दुसरे दिशी फावडा धरायचा, पावसापरयंत, आनि तोंड बंद.
मी इंग्रजी पद्धतीने हात मिळवला. दादाने हात धोतराला पुसला.

५ जानेवारी, शनिवार.
दळण सुरू. मशीनला बजेट नाही, म्हणून घरचे जाते. कृष्णाबाई दळते, मी देखरेख करतो. देखरेखीने माणूस किती दमतो याची तिला कल्पना नाही. तिच्या बोटांना भेगा पडल्यात, त्यात मीठ झोंबते म्हणे. खोबरेल लाव म्हणून सांगितले. मग मीठ तेलकट होईल हे ध्यानात आले, तेव्हा नको लावू म्हणूनही सांगितले.
जेवताना मीठ मागितले. तिने वाटी जमिनीवर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. म्हटले, हातात दे. देत नाही. हातावर मीठ दिले की भांडण होते म्हणे. मी विसाव्या शतकाबद्दल थोडक्यात बोललो. भात निवला. ती म्हणाली, तुमाला भांडायचं आसंल त भांडा, मना न्हाय भांडायचं. शेवटी मी तिच्या चिमटीतले मीठ जबरदस्तीने तळहातावर घेतलेच. काहीही झाले नाही. शास्त्राचा विजय.

रात्री. भांडण झाले. कारण वेगळे होते.

९ जानेवारी, बुधवार.
भाकरी खारट. कालही खारट होती. घरात जाते एकच आहे आणि जनीवहिनी त्याच जात्यावर तांदूळ दळते. जाते चार वेळा धुतले म्हणाली, मीठ दगडात मुरलंय. दादा घासागणिक तांब्या तोंडाला लावतो. मी म्हटले, नव्या उद्योगाची झळ घरच्यांनी थोडी सोसावी. वहिनी म्हणाली, झल सोसते रे भावजी, पन इरीचं पानी कोन शेंदंल? या बायकांना बिझनेसमध्ये मुद्द्याला धरून बोलता येत नाही.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत.
सगळे तिळगूळ खात होते, मी पॅकिंग केले.
भुलेश्वरच्या ओळखीच्या न्हाव्याकडून रिकामे पावडरचे डबे आणवले. झाकणाला भोके तयार! विलायतेत याच कामासाठी मुद्दाम डबे बनवतात, केवढा खर्च. डबे धुतले तरी आतून गुलाबाचा वास येतो. ही जादा खुबी समजायची. डबे मोठ्या लोकांसाठी, बाकी पब्लिकला नमुन्याच्या पुड्या. पुड्यांना पतंगाचा रंगीत कागद. स्वस्त आणि दिलखेचक. नाव ठेवले 'दर्याराणी'.
विक्रीचे शास्त्र माझ्याकडे आहे. दुकानात साबण गुंडाळायला एक इंग्रजी मासिक यायचे, त्याचे एक पान जपून ठेवले आहे. त्यात लिहिले आहे की गिऱ्हाइकाला नमुना फुकट द्या, ते जन्मभर तुमचे. पान अर्धे फाटलेले आहे, पण मुद्दा पहिल्या अर्ध्यात आला. म्हणून ठरवले, प्रदर्शनात काही विकायचे नाही. फक्त वाटायचे. ऑर्डरी आपोआप येतात.

२२ जानेवारी, मंगळवार. अलिबाग.
धरमतरपर्यंत होडी, पुढे बैलगाडी. निघताना कृष्णाबाईने पुड्यांच्या टोपलीवर ओला नारळ ठेवला, देवाला म्हणून. मीठ आणि ओला नारळ! काढून वाटेत खाल्ला.
पूर्ण स्टॉल बजेटबाहेर. अर्धा मिळाला, फार स्वस्त. दुसऱ्या अर्ध्यात थळच्या गोदूबाई म्हणून कोळीणमावशी आहेत. सुके बोंबील, सोडे, जवळा. माझ्याआधी तिघे जण हा अर्धा भाग बघून गेले म्हणे आणि नाकाला धोतर लावून परत गेले. मी सुधारक विचारांचा आहे. मध्ये गोणपाट टांगले. वास गोणपाटाला मानत नाही.
बोर्ड टांगला. 'दर्याराणी टेबल सॉल्ट. नमुना फुकट.' दिमाखदार दिसतो. थोडा लांब झाला.

२३ जानेवारी, बुधवार. प्रदर्शनाचे उद्घाटन.
बोर्ड खरोखरच लांब झाला. 'दर्याराणी टेबल सॉल्ट' माझ्या डोक्यावर आले आणि 'नमुना फुकट' गोदूमावशीच्या. दरवाजे उघडल्याबरोबर पब्लिकने तिचे बोंबील उचलायला सुरुवात केली. मावशीने एकाचे मनगट धरून त्याच्या बापाची चौकशी केली. मग माझ्या बापाची केली. बोर्ड सरकवला.
त्यानंतर माझ्याकडे फारसे कोणी आले नाही. आले ते बोर्ड वाचायचे, पुड्या बघायचे, हसायचे आणि पुढे जायचे. पब्लिक लाजते. फुकट घ्यायची सवय नाही बिचाऱ्यांना. (बोंबलांच्या वेळी होती.)
संध्याकाळी गॅसबत्ती लावली. उजेड गर्दी खेचतो हे शास्त्र आहे. खेचली. मी पुडी पुढे केली की लोक मागे. एका आजोबांनी तर सुनावले की दिवेलागणीला मीठ घराबाहेर काढतो, लक्ष्मी कंटाळली काय तुला? बत्तीचे रॉकेल फुकट गेले.

२४ जानेवारी, गुरुवार.
नवीन प्लॅन. पुडीत काय आहे हे दिसत नाही, ही अडचण असणार. म्हणून पुडी फोडून चिमूटभर मीठ थेट गिऱ्हाइकाच्या तळहातावर द्यायचे.
लोक हात पाठीमागे लपवतात. रेवदंड्याच्या एका मास्तरांनी दोन्ही हात खिशात घातले आणि प्रदर्शन संपेपर्यंत काढले नसावेत. शिकलेला माणूस! हसतील त्यांचे दात दिसतील.
गोदूमावशी गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसते. कोणी भाव विचारला तर म्हणते, मंग काय फुकट देऊ, त्या बाजूच्या येड्यासारा? आणि तिचा माल खपतो. बिझनेसची काही पद्धतच नाही.
दुपारी तिने मला बोलावून समजावले. रे बाला, फुकटचं मीठ कोन खाईल? खाल्लं का जनमभर त्या मिठाला जागाया लागतं. तू कोन, कुठला, उद्या काय मागशील, कुनाला ठाव? एक पैसा घे. पैसा टाकला का उपकार फिटला.
मी तिला मासिकाचे पान दाखवले. त्यात पैसा घ्या असे कुठेही नाही. तिने पान घेतले आणि एका गिऱ्हाइकाला त्यात जवळा बांधून दिला.

२५ जानेवारी, शुक्रवार. स्त्रियांचा दिवस.
आज सकाळी कल्पना सुचली, अंगावर काटा आला. सध्या हळदीकुंकवाचे दिवस. बायका घरोघर वाण लुटतात. आपण दर्याराणीची पुडी वाण म्हणून लुटायची! जाहिरात, पुण्य आणि संक्रांत, एकाच बजेटात. पाट मांडला, हळदकुंकू मांडले. वाण मिळणार म्हणून हाकाटी केली.
रांग लागली. खरोखरची रांग, भाजीच्या स्टॉलपर्यंत. गोदूमावशीसुद्धा वळून बघू लागली. मी मनात चार वाफ्यांचे आठ केले.
पहिल्या बाई ओव्हरसियरच्या घरच्या. पदर पुढे केला, पुडी चाचपली, विचारले काय आहे. सांगितले. त्यांनी पदर असा झटकला, जणू त्यावर इंगळीच बसली होती. म्हणाल्या, सवाष्णीच्या ओटीत मीठ घालता? घरी जाऊन नवऱ्याशी भांडू काय? ही बातमी रांगेत माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात गेली. रांग पुढून मागे विरघळत गेली.
एक म्हातारी तेवढी थांबली. विधवा, म्हणून बाजूला उभी होती. तिने हात पुढे करून पुडी मागितली. मी विचारले, तुम्हाला भीती नाही वाटत? म्हणाली, भांडायला घरात कोनी ऱ्हायला न्हाय बाला. आनि तुज्या मिठाला जागायचं त किती दिस, दोन पावसाले.
दिवसभरात एक नमुना गेला. सुरुवात झाली असे म्हणायला हरकत नाही. पण त्या म्हातारीचे बोलणे मघापासून डोक्यातून जात नाही. उगाच.

२६ जानेवारी, शनिवार.
उद्या परीक्षक. मेडल देणारे दोघे आहेत, एक वकीलसाहेब आणि एक डॉक्टरसाहेब. लहानपणापासूनचे जिवलग, एका ताटात जेवणारे. दोघेही मुंबईला शिकलेले. टेबलावर जेवतात! माझे मीठ ज्या टेबलासाठी जन्मले ते टेबल उद्या चालत येणार आहे.
पुड्या जरा दमट लागल्या. समुद्राची हवा. काळजीचे कारण नाही.
मावशीने पुन्हा एक पैशाचा विषय काढला. तत्त्व सोडले नाही.

२७ जानेवारी, रविवार. दुपारी चार.
जे घडले ते जसेच्या तसे लिहितो.
परीक्षक आले. मी इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हटले (दुपार होती). डबा उचलून उपडा केला, की भुरभुर पडावे. पडले नाही. हलवला, थोपटला, काही नाही. भोके बुजलेली. डॉक्टरसाहेब म्हणाले, वास गुलाबाचा येतो आणि बोंबलाचाही. मी डबा फळीवर आपटला. झाकण उडाले, मीठ बाहेर. निम्मे वकीलसाहेबांच्या बुटांवर, निम्मे जमिनीवर.
गोणपाटामागून मावशी म्हणाली, सांडलं? आता देवाघरी पापन्यांनी गोला करावा लागंल.
प्रसंगावधान म्हणतात ते माझ्यात आहे. डब्यात उरलेले मीठ बोटाने खरवडले आणि दोघांच्याही हातावर एकेक चिमूट ठेवली. दोघे हसले. वकीलसाहेब म्हणाले, हातावर मीठ, आता आपले भांडण बघ. डॉक्टरसाहेब म्हणाले, चाळीस वर्षांत झाले नाही ते आता काय होणार. दोघांनी जिभेवर टाकले. बरे आहे म्हणाले. बरे! मेडलच की ते.
ते इथून भाजीच्या स्टॉलवर गेले. वकीलसाहेबांना पांढरा कांदा आवडला. डॉक्टरसाहेबांना भोपळा. वकीलसाहेब म्हणाले, भोपळा आकाराने मोठा असतो, त्यात शेतकऱ्याचे काय कर्तृत्व. डॉक्टरसाहेब म्हणाले, कांदा तुझ्या मेहुण्याचा आहे. मग मेहुण्याच्या लग्नातले जेवण निघाले. मग कोणत्या तरी विहिरीची हद्द निघाली. मग डॉक्टरसाहेबांनी भोपळा उचलला. मारायला नव्हे, दाखवायला, पण वकीलसाहेबांनी तसे समजून घेतले नाही.

संध्याकाळ. बक्षीस समारंभ रद्द. दोघे वेगवेगळ्या टांग्यांतून गेले. कोणालाच मेडल नाही. भोपळेवाला, कांदेवाला, चटईवाला, सगळे माझ्या स्टॉलसमोर येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघत होते. भोपळेवाल्याच्या हातात भोपळा होता.
हे शास्त्रीयदृष्ट्या मिठामुळे झाले असे सिद्ध करता येणार नाही. तसे त्यांना सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही.

२८ जानेवारी, सोमवार.
कमिटीचे सेक्रेटरी आले. फार सभ्य माणूस. लांबूनच बोलले, हात मागे बांधून. व्यवस्थेच्या दृष्टीने मी आजच आवरावे असे त्यांना वाटते. मलाही वाटतच होते.
सांडलेले मीठ झाडायला केरसुणी घेतली तर मावशीने हातातून काढून घेतली. मिठाला केरसुनी लावू नगं, येवढं झालं ते पुरे न्हाय? म्हणून उकिडवे बसून हाताने वेचले. पापण्यांपेक्षा बरे.
पुड्या सोडून पाहिल्या. सगळ्यांचे दगड झालेत. पतंगाच्या कागदाचा रंग आत उतरला, काही दगड गुलाबी, काही हिरवे. डबे धोंड्याने फोडावे लागले. आतून डब्याच्याच आकाराचे मीठ निघाले. फोडले. खडे झाले. कृष्णाबाईचे पंधरवड्याचे दळण. तिच्या बोटांच्या भेगा मला इथे बसून दिसल्या, कशासाठी दिसाव्यात कोण जाणे.
मावशी सगळा माल विकून टोपल्या बांधत होती. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, घरी जाऊन ओल्या मासलीला लावाया खडा लागंलच, दे तो मना. मी म्हटले घ्या, तसाच घ्या. ती म्हणाली, परत फुकट? आनि कनवटीचा पैसा काढून फळीवर ठेवला. मी टोपली जमिनीवर ठेवली. तिने जमिनीवरून उचलली. मी पैसा फळीवरून उचलला. हाताला हात लागला नाही.
मागाहून लक्षात आले. ही ऑर्डर आहे! दादाने एक ऑर्डर म्हटले होते, कितीची ते म्हटले नव्हते. दादा, वाफे काढ.

३० जानेवारी, बुधवार. घर.
सगळे जेवायला बसले असताना जाहीर केले. ऑर्डर आणली. थळची पार्टी, मासळीच्या धंद्यातली, जागेवर रोख. पैसा ताटाशेजारी ठेवला. वहिनीने भाकरी टाकायची थांबवली. कृष्णाबाईने माझ्याकडे असे पाहिले की मला पुढचे सांगायला जड गेले.
दादाने विचारले, काय नेलान तिनी? म्हटले, मीठ. बारीक? म्हटले, साधारण खड्याच्या स्वरूपात.
दादाने घास गिळला. मग म्हणाला, म्हंजे खड्याचा पीठ केलास, पिठाचा परत खडा केलास, आनि तो खडा कोलनीला इकलास. आमी ह्ये बिगर जात्याचं करताव.
वहिनी चुलीकडे तोंड करून हसत होती, पाठ हलत होती. दादा हसला नाही. तोच हसला असता तर बरे झाले असते. पैसा त्याने परत माझ्याकडे सरकवला. म्हणाला, ऱ्हाऊं दे, तुजा हाय. सकाली भरतीच्या आदी ये.

३१ जानेवारी, गुरुवार.
फावडा हातात घेतला. तात्पुरता. मालकाने खालपासून काम समजून घेतले पाहिजे, त्यासाठी एक-दोन दिवस उतरणे चांगलेच. पुढच्या प्रदर्शनाची आयडिया डोक्यात आहे, पायाखाली मीठ टोचत असताना नीट सुचत नाही.

१ फेब्रुवारी, शुक्रवार.
हाताला फोड.

२ फेब्रुवारी.
फुटले. त्यात खारे पाणी. दादाला सांगितले तर म्हणाला, खोबरेल लाव. मग म्हणाला, नगं लावू, मीठ तेलकट व्हईल. कृष्णाबाईने सांगितले असणार त्याला. या घरात गुपित म्हणून राहत नाही.

४ फेब्रुवारी, सोमवार. रात्री.
बोटे मिटत नाहीत, पेन्सिल मुठीत धरून लिहितो.
जाते आता गोडे झाले आहे. आज भाकरी बरी लागली. दादा, वहिनी जेवून उठले होते. मी आणि कृष्णाबाई उरलो. मिठाची वाटी माझ्याकडे होती. तिने हात पुढे केला. तिच्या बोटांच्या भेगा अजून भरल्या नाहीत. माझ्या हाताचे फोड तिने पाहिले, मी तिच्या भेगा पाहिल्या. ती म्हणाली, द्या की हातात, तुमचं इसावं शतक हाय ना.
चिमूट उचलली होती मी. ती परत वाटीत टाकली, वाटी जमिनीवर ठेवली आणि बोटाने तिच्याकडे सरकवली.
मला नाही भांडायचे.